सॉकेटचं पितळ उघडं पडतं तेव्हा

गणपतीच्या तोंडावर देवगड असो की श्रीवर्धन, बाजारपेठेतल्या इलेक्ट्रिकच्या दुकानात माळा आणि होल्डर घेणाऱ्यांच्या गर्दीत एक गिऱ्हाईक हमखास असतं: कालच घर उघडलेला चाकरमानी, हातात काळवंडलेला सॉकेट. "गेल्याच वर्षी बसवला होता हो!" दुकानदार नवा काढून देतो आणि ठरलेलं वाक्य बोलतो, "हल्ली मालच तसा येतो."

वाक्य खोटं नाही, पण अपुरं आहे. मालात नेमकं काय बिघडलं ते वरच्या चकचकीत प्लेटवरून कळत नाही. सॉकेट उलटा करून मागचे स्क्रू सोडवावे लागतात.

जुन्या घरातल्या लाकडी बोर्डावरचा काळा बेकेलाइटचा सॉकेट उघडला तर आत पितळेच्या जाड नळ्या दिसतात. नळीला उभी चीर असते आणि काही सॉकेटांत तिच्याभोवती पोलादी स्प्रिंगचं कडं. पिन आत शिरली की नळी किंचित फाकते आणि तिला आवळून धरते. पिन उपसायला एका हाताने बोर्ड दाबून धरावा लागे. स्वस्तातला नवा सॉकेट उघडा; त्याच जागी दुमडलेली पातळ पट्टी असते. तिला फ्रिजवरचं चुंबक लावून बघा. चिकटलं तर ते पितळ नव्हेच, लोखंडावरचा पिवळा मुलामा. (चांगल्या सॉकेटातही दाबासाठी वेगळी पोलादी स्प्रिंग असू शकते. इथे प्रश्न वीज वाहणाऱ्या पट्टीचा आहे.)

पट्टी पातळ असणं हा गुन्हा नाही. फॉस्फर ब्राँझची, म्हणजे तांबं, कथील आणि किंचित फॉस्फरस यांच्या मिश्रधातूची पातळ पट्टी हजारो वेळा दबून पुन्हा जागेवर येते. आंतरराष्ट्रीय मानकांनुसार सॉकेटमध्ये वीज चालू ठेवून 5000 वेळा पिन घालतात आणि तितक्याच वेळा काढतात. त्यानंतरही त्याचं तापणं मर्यादेत राहावं लागतं. काटकसर होते ती नेमकी या लवचिकतेत, आणि सॉकेटचं सगळं काम तर दाबावरच चालतं.

धातूचे दोन गुळगुळीत पृष्ठभाग एकमेकांना टेकले की ते सगळीकडे टेकले असं आपण धरून चालतो. सूक्ष्मदर्शकाखाली ते गुळगुळीत नसतातच. एका फणसावर दुसरा फणस ठेवला तर काट्याला काटा जिथे भिडेल तेवढाच स्पर्श; पिन आणि पट्टी यांचंही तसंच. वीज त्या मोजक्या टोकांतूनच पलीकडे जाते. दाब चांगला असला तर टोकं चेपतात, नवी टोकं भिडतात, वाट रुंदावते. दाब चौथाईवर आला तर स्वच्छ धातूतही स्पर्शाचा रोध साधारण दुप्पट होतो. मध्ये गंज आला तर मग विचारूच नका.

2000 वॅटचा गिझर 230 व्होल्टवर साधारण 8.7 अँपिअर विद्युतधारा ओढतो. घट्ट सॉकेटात स्पर्शाचा रोध 5 मिलिओहम धरला तर तिथे 0.4 वॅटसुद्धा उष्णता होत नाही. पकड सैल होऊन तोच रोध 0.1 ओहम झाला की साडेसात वॅट. आकडा किरकोळ दिसतो, पण ती सगळी उष्णता काही टोकांवर, भिंतीतल्या बंद डबीत निर्माण होते आणि तिला जायला जागा नसते. उष्णता धारेच्या वर्गाच्या पटीत वाढते, म्हणून याच सॉकेटला मोबाइलचा चार्जर लावला तर काहीच होत नाही. "मोबाइल चार्ज होतोय की!" हे सॉकेट ठीक असल्याचं प्रमाणपत्र नव्हे.

पुढचा प्रकार जास्त वाईट. तापलेली पट्टी आपला ताण सोडते, म्हणजे दाब आणखी उतरतो. तापलेल्या धातूवर ऑक्साइडचा थर लवकर चढतो, म्हणजे रोध आणखी वाढतो. दोन्ही मिळून उष्णता वाढवतात, आणि हे चक्र प्लास्टिक मऊ होईपर्यंत थांबत नाही. पॉलिस्टायरीन 100 अंश सेल्सियसच्या आसपासच ढिलं पडतं, चांगल्या मॉड्युलर प्लेटचं पॉलिकार्बोनेट 145 अंशांच्या पुढे. बेकेलाइट एकदा घट्ट झालं की वितळतच नाही, जळून कोळसा होतं.

आणि एमसीबी? तो पडत नाही. एमसीबी जादा धारा ओळखतो, आणि सैल जोडाने धारा वाढत नाही, उलट कणभर कमीच होते. ईएलसीबी गळती ओळखतो, तीही इथे नसते. नवं पॅनेल बसवून निर्धास्त झालेल्यांना हे पटवणं अवघड जातं, पण भिंतीतला सॉकेट लाल होईपर्यंत ही दोन्ही उपकरणं आपल्या जागी इमानदारीत गप्प बसू शकतात.

हे सगळं पुण्यातही घडतं. किनाऱ्यावर लवकर घडतं, कारण आपली हवा खारी. शुद्ध मीठ हवेतली सापेक्ष आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली की पाणी ओढून विरघळतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं, त्याला तेहतीसेक टक्के पुरतात. पावसाळ्यात खडेमिठाच्या बरणीला पाणी सुटतं ते यामुळेच. वाऱ्याबरोबर आलेला क्षार सॉकेटच्या भोकांतून आत बसतो आणि जून ते सप्टेंबर ओलाच राहतो. पितळेवर हिरवट थर धरतो, आणि पितळेला टेकलेला लोखंडी स्क्रू त्या खाऱ्या ओलीत पितळेआधी झिजतो. वायर ज्याने आवळायची तोच स्क्रू असा गेला की जोड आतूनच सैल. वर्षातले अकरा महिने कुलूपबंद असलेल्या घरात तर पिन घातली जात नाही, त्यामुळे घासून थर निघण्याचीही सोय नाही. मग गणपतीत एका दिवशी गिझर, मिक्सर, इस्त्री आणि रोषणाई. मुलामा दिलेलं लोखंड कोरड्या गावात काही वर्षं लाज राखेल. मालवण-वेंगुर्ल्यात त्याचं पितळ लवकर उघडं पडतं.

म्हणून "जुनं ते सोनं" म्हणून बेकेलाइटकडे परत जावं का? लिओ बेकलंड यांनी 1907 मध्ये तयार केलेला हा पदार्थ उष्णतेला दणकट आहे, पण खाऱ्या ओलीत त्याची एक खोड आहे. ओल्या क्षारातून पृष्ठभागावर बारीक धारा वाहते, मध्येच पट्टा सुकतो, तिथे ठिणगी पडते आणि खालचा पदार्थ करपतो. करपलेलं बेकेलाइट म्हणजे कार्बन, आणि कार्बनमधून वीज वाहते. प्रयोगशाळेत हे तपासायला दोन इलेक्ट्रोडांच्या मध्ये नवसागराच्या पाण्याचे 50 थेंब एकेक करून टाकतात. या परीक्षेत बेकेलाइट कमी व्होल्टेजलाच हात टेकतं. पांढऱ्या स्विचचं युरिया फॉर्मल्डिहाइड कितीतरी वर टिकतं. जुन्या सॉकेटांचं मोठेपण पितळेत होतं, काळ्या कवचात नव्हे.

थोडा दोष आपल्या हौसेचाही. आपल्या गोल पिना ब्रिटिश मानकातून आल्या: 6 अँपिअरची पिन 5.1 मिलिमीटर जाड, 16 अँपिअरची 7.1. ब्रिटनने स्वतः 1947 मध्ये चौकोनी पिनांची वाट धरली, आपण गोल ठेवल्या. त्यात वाईट काहीच नव्हतं. मग युरोपीय धाटणीच्या 4 मिलिमीटर पिनांचे चार्जर आले, चपट्या पिना आल्या, आणि सगळं एकाच भोकात बसावं म्हणून युनिव्हर्सल सॉकेट आला. तो सगळ्यांना घरात घेतो, पण धरून कुणालाच ठेवत नाही. होमस्टेच्या खोलीत गिझर किंवा इंडक्शन शेगडी अशा सॉकेटवर चालताना दिसली की माझा जीव वरखाली होतो. तिथे 16 अँपिअरचा, त्याच जाडीच्या पिनेसाठी बनवलेला पॉइंटच हवा. पिनेची चीर सुरीने फाकवणं किंवा उघड्या वायरी काडीने खोचणं हे उपाय सगळ्यांना ठाऊक आहेत. दोन्हींत स्पर्श एखाद-दुसऱ्या टोकावर येतो.

दुकानात प्लेटचा रंग नंतर बघा. आधी पिन घालून ओढा, आधाराशिवाय सहज निघाली तर परत द्या. आयएसआय चिन्हाच्या वर सॉकेटसाठी आयएस 1293 आणि स्विचसाठी आयएस 3854 हा क्रमांक असतो, खाली सीएम/एलने सुरू होणारा परवाना क्रमांक. तो बीआयएस केअर ॲपवर तपासता येतो. बसवल्यावर गिझर अर्धा तास चालवून बंद करा, पिन काढा आणि हाताची उलटी बाजू प्लेटला लावा. कोमट चालेल, चटका नको. पावसाळा संपला की वायरमनला बोलावून, मेन बंद करून, सगळे स्क्रू एकदा आवळून घ्यावेत.

शिवाय नाकही कामाला येतं. युरिया फॉर्मल्डिहाइड तापून सडू लागलं की त्यातून अमोनियासारखे वायू सुटतात आणि घरात चक्क मासळीसारखा वास येतो. कोकणात हा वास कुणाला खटकणार? सुकट भाजली असेल म्हणून सोडून देतात. पण श्रावणात, चुलीवर मासळी नसताना तो आला, तर मांजराला हाकलण्याआधी मेन बंद करा आणि मग एकेक बोर्ड हुंगत जा.