लुकियाची लुसिया कशी झाली

गुरू ग्रहाच्या कक्षेतील ट्रोजन लघुग्रहांच्या अभ्यासासाठी निघालेले नासाचे ‘लूसी’ हे यान २० एप्रिल २०२५ रोजी डोनाल्डजोहान्सन या लघुग्रहाजवळून गेले. मानववंशशास्त्रज्ञ डोनाल्ड जोहान्सन यांना १९७४ मध्ये इथिओपियातील हदार येथे मानवाच्या पूर्वजाचा सुमारे ३२ लाख वर्षांपूर्वीचा सांगाडा सापडला, त्याचे नाव छावणीत वाजणाऱ्या एका इंग्रजी गाण्यावरून ‘लूसी’ ठेवले गेले आणि तेच नाव पुढे यानाला मिळाले. मुलींच्या नावांचे अर्थ देणारी संकेतस्थळे या नावापुढे ‘प्रकाश’ एवढे लिहून थांबतात. अर्थ बरोबर आहे; पण या नावातील खरी मौज त्याच्या उच्चारात दडलेली आहे.

लूसी हे लॅटिन ‘लुकिया’चे इंग्रजी रूप, आणि लुकिया हे ‘लुकियुस’ या पुरुषनामाचे स्त्रीलिंगी रूप होय. त्याच्या मुळाशी ‘लुक्स’, म्हणजे प्रकाश, हा शब्द आहे. उजाडताना जन्मलेल्याला लुकियुस म्हणत, असे इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातील रोमन विद्वान वारो सांगतो. रोमन पुरुषांची प्रचलित व्यक्तिनामे जेमतेम दीड डझन होती आणि त्यात लुकियुस इतके रुळलेले होते की ते केवळ एका अक्षराने लिहिले जाई. स्त्रियांच्या वाट्याला मात्र सहसा कुळाचेच नाव येई. युलियुस कुळातील प्रत्येक मुलगी युलियाच, मग ती थोरली असो वा धाकटी. लुकिया हे नाव युरोपभर पसरले ते सिसिलीतील सिराक्यूजच्या संत लुकियामुळे. परंपरेनुसार तिला ३०४ साली मारण्यात आले, आणि तिचा सण १३ डिसेंबरला असतो.

या नावात मूळचा ‘क’ होता हे कशावरून? ग्रीक लोक लॅटिन नावे आपल्या लिपीत लिहीत, आणि तेथे लुकियुसमध्ये त्यांनी नेहमी ‘क’च लिहिला आहे. सिराक्यूजच्या भुयारी दफनभूमीत सापडलेल्या, साधारण चौथ्या-पाचव्या शतकातील ग्रीक शिलालेखात एका स्त्रीचा मृत्यू ‘माझ्या स्वामिनी लुकिया’च्या सणाच्या दिवशी झाल्याची नोंद आहे, त्यातही ‘क’च आहे. जर्मन भाषेने ‘काएसार’ (इंग्रजीत सीझर) हा रोमन शब्द ‘कायझर’ असा उचलला तोही त्या काळच्या उच्चाराची साक्ष देतो. सार्डिनिया बेटावरील काही बोलींत तर लॅटिन ‘केंतुम’, म्हणजे शंभर, आजही ‘केंतु’ असाच उच्चारला जातो.

मग आज इटलीत लुचीआ, पोर्तुगालमध्ये लुझिया, स्वीडनमध्ये लुसीया आणि इंग्रजीत लूसी का ऐकू येते? ‘कू’ आणि ‘की’ हे दोन ध्वनी सावकाश उच्चारून पाहावेत. ‘कू’ म्हणताना जिभेची मागची बाजू टाळूच्या मऊ भागाला टेकते. ‘की’ म्हणताना मात्र पुढे येणाऱ्या ‘ई’साठी जीभ आधीच कठीण टाळूकडे उचललेली असते, आणि त्यामुळे ‘क’चा स्पर्शही पुढे ओढला जातो. पिढ्यान्‌पिढ्या हा स्पर्श पुढे सरकत गेला की ‘की’चा ‘ची’ होतो, आणि आणखी पुढे गेला की ‘त्सी’ आणि मग ‘सी’. भाषाशास्त्रात याला तालव्यीकरण म्हणतात. मराठी माणसाला याचा पुरावा स्वतःच्याच तोंडात मिळतो: ‘घरचा’ आणि ‘घरची’ यांत अक्षर एकच असले तरी च दोन वेगळे आहेत, ‘माझा’ आणि ‘माझी’ यांतील झही तसेच, आणि दोन्हीकडे कारणीभूत आहे तो पुढचा ‘ई’च.

हाच प्रकार लॅटिनच्या कितीतरी आधी संस्कृतच्या पूर्वजात घडून गेला होता. लुक्सचे मूळ संस्कृत, ग्रीक, लॅटिन यांच्या समान पूर्वज असलेल्या आद्य भारोपीय भाषेतील ‘लेउक्’ या धातूत आहे. भारतीय-इराणी शाखेत ‘ल’चा बहुतांशी ‘र’ झाला आणि त्याच धातूपासून संस्कृतचा ‘रुच्’, म्हणजे प्रकाशणे, आवडणे, हा धातू आला. आपले ‘रुचणे’ याच घराण्यातील. फारसीमार्गे आलेली ‘रोषणाई’सुद्धा त्याच मुळाची, आणि लॅटिनमधील चंद्राचे ‘लूना’ हे नावही.

आता संस्कृतमधील ‘रुक्म’ (सोने) आणि ‘रोचते’ (प्रकाशते) ही रूपे शेजारी ठेवावीत. धातू एकच असून एकात ‘क’ आणि दुसऱ्यात ‘च’ का? रुक्ममध्ये क-नंतर ‘म’ आहे, म्हणून तो टिकला. रोचतेमध्ये च-नंतर आज ‘अ’ दिसतो, आणि ‘अ’मुळे जीभ पुढे जाण्याचे काहीच कारण नाही. उलगडा एकाच मार्गाने होतो: तेथे पूर्वी ‘ए’ होता, त्याने ‘क’चा ‘च’ केला आणि नंतर स्वतः ‘अ’मध्ये विरून गेला. १८७० च्या दशकात हा नियम अनेक अभ्यासकांच्या जवळजवळ एकाच वेळी लक्षात आला आणि ग्रीक-लॅटिनमधील ‘ए’ व ‘ओ’ हे संस्कृतच्या ‘अ’पेक्षा जुन्या स्थितीचे निदर्शक आहेत हे स्पष्ट झाले.

त्यामुळे ‘लुसिया हा रुचीचा अपभ्रंश’ अशा स्वरूपाचे जे संदेश समाजमाध्यमांवर फिरतात ते निराधार आहेत. लॅटिनमध्ये ‘ल’ आणि ‘क’ मूळ स्वरूपात टिकले आहेत. ते बदलले संस्कृतात, म्हणून लुकिया संस्कृतातून निघणे शक्यच नाही. दोघी एकाच आजीच्या नाती आहेत, मायलेकी नाहीत. नावातील अक्षरांची बेरीज करून मुलीचे भविष्य सांगणारे अंकशास्त्री तर याहून धाडसी म्हणावे लागतील, कारण सिराक्यूजच्या त्या एकाच मुलीचे नाव पोर्तुगीजांनी एका अक्षराने लिहिले, इटालियनांनी दुसऱ्या आणि ग्रीकांनी तिसऱ्याच, म्हणजे एका नावाला तीन भविष्ये.