विद्यापीठीय विज्ञान केंद्रांतील व्याख्याने व कार्यशाळा : सोलापूरच्या विद्यार्थ्यांसाठी अर्जाची माहिती

सोलापूर जिल्ह्यापुरते कार्यक्षेत्र असलेले पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ १ ऑगस्ट २००४ रोजी स्थापन झाले. त्याचा केगाव येथील परिसर पुणे महामार्गालगत आहे. पुणे विद्यापीठाच्या आवारातील ‘आयुका’ ही खगोलशास्त्राची संशोधनसंस्था मात्र रेल्वेने काही तासांच्या अंतरावर पडते. दोन्ही ठिकाणी जाऊ इच्छिणाऱ्यांनी व्याख्यान आणि कार्यशाळा यांतील फरक आधी ध्यानात घ्यावा.

सार्वजनिक व्याख्यानाला सहसा अर्ज लागत नाही. त्याला शिक्षणाची वा वयाची अट नसते, प्रवेश विनामूल्य असतो आणि जागा आधी येणाऱ्यास मिळते. आयुकात दुसऱ्या शनिवारी शालेय विद्यार्थ्यांसाठी व्याख्याने होत आली आहेत, तर २८ फेब्रुवारीला, म्हणजे १९२८ साली ज्या तारखेला रामन परिणामाचा शोध लागला त्या दिवशी, अनेक संस्थांची दारे सर्वांसाठी उघडी असतात. शाळेचा गट नेताना मात्र मुख्याध्यापकांच्या पत्राने पूर्वनोंदणी करावी आणि सहलीसाठी शिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी वेळेत घ्यावी.

कार्यशाळेची गोष्ट वेगळी आहे. प्रयोगशाळेतील टेबले आणि उपकरणे मोजकी असल्यामुळे तेथे निवड होते. कोण पात्र आहे हे प्रत्येक सूचनेत दिलेले असते, ‘बी.एस्सी. द्वितीय वर्ष’ असे म्हटले असेल तर त्याचा अर्थ अर्ज करताना त्या वर्षात शिकत असलेले की ते वर्ष उत्तीर्ण झालेले, हे नीट वाचून घ्यावे, कारण माझ्या अनुभवात सर्वाधिक गैरसमज येथेच होतात.

कागदपत्रांत बोनाफाईड प्रमाणपत्र, मागील परीक्षेची गुणपत्रिका, ओळखपत्र व छायाचित्र ही नेहमीची. अठरा वर्षांखालील विद्यार्थ्याला पालकांचे संमतिपत्र, महाविद्यालयीन विद्यार्थ्याला प्राध्यापकांचे शिफारसपत्र आणि शिक्षकाला संस्थाप्रमुखांचे ना-हरकत पत्र बहुधा लागते. बोनाफाईड हातात पडताच तेथेच उभे राहून तपासावे : जावक क्रमांक, दिनांक, सही, गोल शिक्का, आणि आधार कार्डाप्रमाणेच नाव. सोलापूरच्या पूर्व भागातील नववीच्या एका हुशार मुलीचा अर्ज केवळ जावक क्रमांकाची जागा कोरी राहिल्याने शुक्रवारी संध्याकाळी परत आला. शनिवारी शाळेचे कार्यालय बंद होते आणि रविवारी मुदत संपली. वर्गात दुर्बिणीविषयी सर्वांत जास्त प्रश्न तीच विचारत असे, म्हणून ती कोरी जागा मला अजून सलते. शाळांनी सूचनेची वाट न पाहता इच्छुक विद्यार्थ्यांची ही कागदपत्रे जूनमध्येच तयार ठेवावीत, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

अर्जात ‘सहभागाचा हेतू’ असा रकाना असल्यास तो स्वतःच्या शब्दांत भरावा. ‘मला विज्ञानाची आवड आहे’ या वाक्यावरून निवड करणाऱ्यास काही कळत नाही. उलट ‘नान्नजच्या माळरानावर पक्ष्यांच्या नोंदी ठेवतो, त्या आकडेवारीचे विश्लेषण शिकायचे आहे’ असे लिहिले, तर विद्यार्थी काय करतो आणि त्याला काय हवे आहे, दोन्ही दिसते. मराठीत लिहिण्याची मुभा असेल तर संकोच न करता मराठीतच लिहावे.

अर्ज ऑनलाइन असल्यास कागद सपाट ठेवून, चारही कडा दिसतील असे स्कॅन करावे आणि अर्ज क्रमांक वहीत उतरवून ठेवावा. काही कार्यशाळांत निवास व प्रवासखर्च मिळतो. त्यासाठी मूळ तिकीट आणि बँक पासबुकाच्या पहिल्या पानाची प्रत जपावी. प्रवासात सर्व मूळ कागदपत्रे सोबत असावीत. नारायणगावजवळ खोडद येथील महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या परिसरात मोबाइल बंद ठेवावा लागतो, कारण आकाशातून येणारे क्षीण रेडिओ संकेत त्याच्या लहरींत हरवतात. पालकांना हे आधीच सांगून ठेवावे.

निवड होऊनही जाणे शक्य नसेल तर केंद्राला त्याच दिवशी कळवावे. प्रतीक्षायादीतील करमाळ्याच्या किंवा अक्कलकोटच्या विद्यार्थ्याला तिकीट काढण्याइतका वेळ तरी मिळतो.