नल (एसक्यूएल)

नल : रिलेशनल (माहिती टेबलांत ठेवणाऱ्या) डेटाबेसमधील टेबलाच्या एखाद्या रकान्यात किंमत, म्हणजे मूल्य, नोंदलेली नाही, हे दाखवणारी खूण. नल म्हणजे शून्य नव्हे आणि कोरी अक्षरमालाही नव्हे. मराठीत सहज सुचणारे प्रतिशब्द इथे दिशाभूल करतात. ‘शून्य’ ही एक संख्या आहे. गणिताच्या पुस्तकातला ‘रिक्त संच’ हा पूर्ण माहीत असलेला संच आहे. त्यात काही नाही, हे आपल्याला नक्की ठाऊक असते. नलबाबत तेवढेही ठाऊक नसते. याचे सगळ्यांत जवळचे उदाहरण शाळेच्या निकालपत्रकात सापडते. कोरा पेपर देणाऱ्या मुलापुढे ० लिहितात, परीक्षेलाच न आलेल्या मुलापुढे ‘गैरहजर’. वर्गशिक्षक या दोन नोंदींची गल्लत करत नाहीत. क्वेरी (एसक्यूएल या भाषेत डेटाबेसला विचारलेला प्रश्न) आणि स्टोअर्ड फंक्शन (डेटाबेसमध्येच साठवलेला छोटा प्रोग्राम) लिहिणारे मात्र ती वारंवार करतात, आणि अशी चूक बहुतेक वेळा कोणताही एरर दाखवत नाही. उत्तर येते, ते चुकीचे असते, आणि कोणाच्या लक्षात येत नाही.

उगम : आयबीएमच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेत काम करणारे एडगर कॉड यांनी १९७० मध्ये रिलेशनल मॉडेल मांडले. १९७९ च्या लेखात त्यांनी नल आणि त्यासाठी लागणारे तीन किमतींचे तर्कशास्त्र या मॉडेलला जोडले. १९८५ मध्ये त्यांनी जे प्रसिद्ध नियम दिले, त्यांतला तिसरा नियम नलवरच आहे : अज्ञात किंवा गैरलागू माहिती दाखवण्याची एकच पद्धतशीर सोय डेटाबेसने द्यावी, मग रकाना संख्येचा असो वा अक्षरांचा. ही मागणी रास्त होती. अशी सोय नसली की लोक ‘माहीत नाही’ याऐवजी -१ किंवा ९९९९ भरतात, आणि पुढे कोणीतरी त्याचीही बेरीज करून बसतो.

तीन किमतींचे तर्कशास्त्र : नेहमीच्या तर्कात विधान खरे असते किंवा खोटे. एसक्यूएलमध्ये तिसरी किंमत आहे, ‘अज्ञात’. नलची कशाशीही तुलना केली तर उत्तर अज्ञात येते; नल = नल याचेही उत्तर खरे येत नाही, कारण दोन गैरहजर मुलांचे गुण सारखे पडले असते का, हे सांगता येत नाही. म्हणून नल शोधायचा तर = चालत नाही, ‘इज नल’ लिहावे लागते. ‘अँड’, ‘ऑर’ आणि ‘नॉट’ यांची कोष्टके तर्कशास्त्रज्ञ स्टीफन क्लीनी यांनी १९३८ मध्ये दिलेल्या कोष्टकांशी जुळतात : खोटे अँड अज्ञात म्हणजे खोटे, खरे ऑर अज्ञात म्हणजे खरे, आणि नॉट अज्ञात म्हणजे पुन्हा अज्ञातच. शेवटचे कोष्टक नीट लक्षात ठेवावे. अट उलटी केली की राहिलेल्या सगळ्या ओळी मिळतील, हा भरवसा तिथे संपतो.

याला आणखी एक पदर आहे. क्वेरीतली अट सांगणारे ‘व्हेअर’ फक्त खऱ्या ठरलेल्या ओळी आत घेते. रकान्यात काय भरता येईल ते ठरवणारे ‘चेक’ बंधन मात्र फक्त खोट्या ठरलेल्या ओळी अडवते. ‘गुण ० ते १०० मध्ये असावेत’ असे चेक लावलेल्या रकान्यात नल बिनदिक्कत शिरतो. तो नको असेल तर ‘नॉट नल’ वेगळे लिहावे लागते.

क्वेरीतील चुका : सगळ्यांत फसवी चूक ‘नॉट इन’ची, म्हणजे ‘या यादीत नाही’ या अटीची. समजा, ग्रंथालयातून एकही पुस्तक न नेलेल्या विद्यार्थ्यांची यादी हवी आहे. विद्यार्थी क्रमांक ‘नॉट इन’ आणि पुढे देवघेवीच्या टेबलातील क्रमांक, अशी क्वेरी कोणीही लिहील. वर्षभर ती नीट चालते. मग एके दिवशी एक पुस्तक शिक्षकांच्या नावावर जाते, त्या ओळीत विद्यार्थी क्रमांक नल राहतो, आणि यादी एकदम रिकामी येते. कारण साधे आहे. ७ नॉट इन (३, ५, नल) याचा अर्थ ‘७ हे ३ नाही, ५ नाही आणि त्या अज्ञात क्रमांकाएवढेही नाही’ असा होतो. पहिले दोन भाग खरे, तिसरा अज्ञात, म्हणून सगळे मिळून अज्ञात. प्रत्येक ओळ एक तर खोटी ठरते किंवा अज्ञात. खरी एकही ठरत नाही. यावर उपाय ‘नॉट एक्झिस्ट्स’चा. ते तुलना जुळणारी ओळ सापडली की नाही एवढेच पाहते, त्यामुळे अज्ञात तुलना म्हणजे ‘ओळ सापडली नाही’ असा सरळ हिशेब होतो. आतल्या क्वेरीत ‘इज नॉट नल’ घालूनही काम भागते, पण ते विसरले जाते. उपक्वेरीसाठी नॉट एक्झिस्ट्सचीच सवय लावून घेणे शहाणपणाचे.

‘लेफ्ट जॉइन’ (दोन टेबले जोडताना पहिल्यातल्या सगळ्या ओळी राखणारा जोड) मधील चूकही याच घरातली. सगळे विद्यार्थी आणि त्यांनी जूनमध्ये भरलेली फी, अशी यादी करताना ‘महिना = जून’ ही अट ‘व्हेअर’मध्ये टाकली की फी न भरलेली मुले यादीतून गळतात. जॉइनने त्यांच्यापुढे नल ठेवलेला असतो, आणि नल = जून हे खरे ठरत नाही. लेफ्ट जॉइन लिहूनही साधा जॉइन होतो. अट ‘ऑन’मध्ये, म्हणजे ओळी जोडण्याच्या अटीत, नेली की यादी पूर्ण येते.

बेरीज-सरासरीची फंक्शने नल वगळतात. तीन मुलांना ४०, ५० आणि ६० गुण आहेत व चौथा गैरहजर आहे, तर ‘ॲव्हरेज’ ५० देते. गैरहजराला ० धरले तर तीच सरासरी ३७.५ होते. दोन्ही उत्तरे आपापल्या प्रश्नाला बरोबर आहेत. प्रश्न कोणता, हे क्वेरी लिहिणाऱ्याने आधी ठरवायचे असते. ‘काउंट’ला तारा (*) दिला तर ते सगळ्या ओळी मोजते, रकाना दिला तर फक्त भरलेल्या. शिवाय एकही ओळ नसलेल्या गटाची ‘सम’ ० येत नाही, नल येते. समजा, नव्या खात्यात भरणा आहे पण अजून पैसे काढलेले नाहीत. भरण्यातून काढलेल्या रकमेची बेरीज वजा केली की शिल्लकच नल होते. ‘कोॲलेस’ (नलऐवजी दुसरी किंमत देणारे फंक्शन) इथे बेरजेच्या बाहेर लावावे, आत लावून उपयोग नाही, कारण आत कोॲलेस लावायला ओळच नसते.

स्टोअर्ड फंक्शनमधील चुका : फंक्शनमध्ये नल अधिक लपतो, कारण बाहेरून फक्त निकाल दिसतो. ‘गुण ३५ पेक्षा कमी असतील तर अनुत्तीर्ण, नाहीतर उत्तीर्ण’ एवढे दोन ओळींचे फंक्शन पाहा. गुण नल असले तर अट अज्ञात ठरते, ‘इफ’ अज्ञाताला खरे मानत नाही, आणि काम ‘एल्स’कडे जाते. परीक्षेला न बसलेला मुलगा उत्तीर्ण होतो. नलची शाखा सर्वांत आधी लिहिणे हाच याचा इलाज.

नावे जोडणाऱ्या फंक्शनचा अनुभव मराठी माणसांच्या याद्या सांभाळणाऱ्यांना हमखास येतो. आपल्याकडे स्वतःचे नाव, वडिलांचे वा पतीचे नाव आणि आडनाव अशी तीन पदे असतात. मधले पद नल असले आणि तिन्ही पदे || ने जोडली, तर पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेसमध्ये सगळे नावच नल होते. तिथले ‘कॉन्कॅट’ हे जोडणीचे फंक्शन नल वगळते; मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसमधले त्याच नावाचे फंक्शन मात्र नल परत देते. ओरॅकल हा डेटाबेस तर कोऱ्या अक्षरमालेलाच नल मानते. ‘कॉन्कॅट डब्ल्यूएस’ हे पोस्टग्रेएसक्यूएल आणि मायएसक्यूएल दोन्हींत नल पद गाळते आणि मधे दुहेरी जागाही सोडत नाही, म्हणून या कामाला ते बरे.

पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये फंक्शन ‘स्ट्रिक्ट’ म्हणून घोषित केले असेल आणि एकही इनपुट नल आले, तर फंक्शनचा मजकूर चालवलाच जात नाही, थेट नल परत येतो. आत लिहिलेले कोॲलेस का चालत नाही म्हणून तासन्‌तास शोधणाऱ्याने आधी हा शब्द तपासावा. क्वेरीचे उत्तर फंक्शनमधल्या चलात (व्हेरिएबलमध्ये) ठेवणाऱ्या ‘सिलेक्ट इंटू’चे वागणेही डेटाबेसनुसार बदलते. ओळ सापडली नाही तर पीएल/पीजीएसक्यूएल ही पोस्टग्रेएसक्यूएलची फंक्शन लिहिण्याची भाषा चलात गुपचूप नल ठेवते, म्हणून नंतर ‘फाउंड’ तपासावे किंवा ‘इंटू स्ट्रिक्ट’ लिहून एरर मागून घ्यावा. ओरॅकलचे पीएल/एसक्यूएल अशा वेळी ‘नो डेटा फाउंड’ हा अपवाद उठवते. पण तेच फंक्शन क्वेरीतून बोलावले असेल आणि अपवाद आत पकडला नसेल, तर तो तिथेच विरतो आणि क्वेरीला नल मिळतो. ओळच नाही की ओळ आहे पण रकाना भरलेला नाही, हा भेद मग पुसला जातो.

बदलांची नोंद ठेवणाऱ्या ट्रिगरमध्ये (टेबलात बदल झाला की आपोआप चालणाऱ्या प्रोग्राममध्ये) ‘जुनी किंमत <> नवी किंमत’ (दोन्ही वेगळ्या आहेत का) अशी अट असते. रकाना आधी नल असून त्यात प्रथमच काही भरले, किंवा भरलेले पुसले, तर ही अट अज्ञात ठरते आणि नोंद होत नाही. नेमके हेच दोन बदल तपासणीत सर्वांत महत्त्वाचे असतात. ‘इज डिस्टिंक्ट फ्रॉम’ नलशी तुलना करूनही स्पष्ट खरे-खोटे देते, त्यामुळे ट्रिगरमध्ये तेच वापरावे. ते एसक्यूएल सर्व्हरमध्ये २०२२ च्या आवृत्तीत आले; मायएसक्यूएलमध्ये ‘सारखे आहे का’ हे विचारण्यासाठी <=> हे चिन्ह आहे.

डेटाबेसनुसार फरक : चढत्या क्रमात पोस्टग्रेएसक्यूएल आणि ओरॅकल नल शेवटी ठेवतात, मायएसक्यूएल, एसक्यूएल सर्व्हर आणि एसक्यूलाइट सुरुवातीला. ‘युनिक’ (किंमत पुन्हा येऊ न देणाऱ्या) रकान्यात पोस्टग्रेएसक्यूएल व मायएसक्यूएल कितीही नल चालवतात, एसक्यूएल सर्व्हर एकच. पोस्टग्रेएसक्यूएल १५ पासून ‘नल्स नॉट डिस्टिंक्ट’ लिहून तिथेही एकाची मर्यादा घालता येते.

मतभेद : रिलेशनल मॉडेलवर लिहिणारे लेखक क्रिस डेट यांनी नलला सातत्याने विरोध केला. तीन किमतींचे तर्कशास्त्र माणसाच्या सवयीच्या विचाराशी जुळत नाही, हा त्यांचा आक्षेप वरच्या प्रत्येक उदाहरणात दिसतो. कॉड यांनी उलट दिशेने जाऊन १९९० च्या पुस्तकात दोन वेगळ्या खुणा सुचवल्या : किंमत आहे पण माहीत नाही, यासाठी एक आणि ती लागूच पडत नाही, यासाठी दुसरी. एसक्यूएलने ते स्वीकारले नाही, नल एकच राहिला. त्यामुळे हा भेद टेबलाच्या रचनेतच करावा लागतो. गुणांच्या रकान्याशेजारी ‘हजर’, ‘गैरहजर’, ‘विषय घेतला नाही’ अशी स्थिती सांगणारा ‘नॉट नल’ रकाना ठेवला आणि स्थिती ‘हजर’ असेल तरच व तेव्हाच गुण भरलेले असावेत असे चेक लावले, की वरच्या उत्तीर्ण-अनुत्तीर्ण फंक्शनला गुण पाहण्याआधी स्थिती विचारता येते.