फर्मा कुठे चुकला?

ऑक्टोबर २०२४ मध्ये चार कोटी दहा लाख अंकांची मूळ संख्या सापडली आणि कौतुक झालं ते तिच्या लांबीचं. मला विचाराल तर तिच्यापेक्षा ४२९४९६७२९७ ही दहा अंकी संख्या कितीतरी रंगतदार आहे.

ही म्हणजे २ चा ३२वा घात अधिक १. सतराव्या शतकात फ्रेंच गणिती पिएर द फर्माने २ चे १, २, ४, ८, १६ असे घात घेऊन त्यांत १ मिळवला. आल्या ३, ५, १७, २५७, ६५५३७. पाचही मूळ! यापुढच्याही साऱ्या मूळच असणार, असं त्याने मानलं. सिद्धता हाती नाही, हे त्यानेच पत्रात कबूल केलं होतं. १७३२ साली स्विस गणिती ऑयलरने पुढचीच संख्या, म्हणजे आपली ४२९ कोटींची, फोडून दाखवली: ६४१ × ६७००४१७.

हिचा मूळ विभाजक ६४ ने भागल्यावर १ च बाकी ठेवतो, हे ऑयलरने पुढे सिद्धही केलं. अशा मूळ संख्या क्रमाने १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. पाचव्या भागाकारात निकाल!

पण खरी गंमत अशी की इथे भागाकाराचीही गरज नाही. फक्त ६४१ ने भागल्यावरची बाकी बघायची. ६४१ ची कुठलीही पट म्हणजे शून्य. ६४१ = ५ × १२८ + १, म्हणून '५ गुणिले २ चा ७वा घात' याची किंमत −१. दोन्हींचा चौथा घात घ्या: '६२५ गुणिले २ चा २८वा घात' याची किंमत १. आता ६४१ = ६२५ + १६ हेही खरं, म्हणून ६२५ च्या जागी −१६ चालेल, आणि १६ म्हणजे २ चा ४था घात. २८ आणि ४ मिळून ३२. म्हणजे उणे '२ चा ३२वा घात' याची किंमत १. म्हणून '२ चा ३२वा घात' आणि १ यांची बेरीज शून्य. संपलं!

अंकशास्त्रवाले या संख्येच्या अंकांची बेरीज करून ५९, मग १४, मग ५ काढतील आणि बुधाचं काहीतरी सांगतील. द्विमान पद्धतीत हीच संख्या १, मग ३१ शून्यं, मग १ अशी लिहितात. तिथे बेरीज २. लिहिण्याची पद्धत बदलली की भाग्य बदलतं. ६४१ ने जाणारा भाग तेवढा दोन्हीकडे जातोच.

फर्माच्या मालिकेत सहावी मूळ संख्या आजवर सापडलेली नाही. पण आपल्या संख्येतून २ वजा करा: ४२९४९६७२९५ = ३ × ५ × १७ × २५७ × ६५५३७. फर्माच्या पाचही मूळ संख्या एका रांगेत! जर्मन गणिती गाऊसने १७९६ मध्ये दाखवलं की १७ बाजूंचा सुसम बहुभुज कंपास आणि बिनखुणांच्या पट्टीने काढता येतो. विषम बाजूंचे असे बहुभुज फर्माच्या वेगवेगळ्या मूळ संख्यांच्या गुणाकारांतूनच मिळतात, म्हणून आज माहीत असलेला सर्वांत मोठा ४२९४९६७२९५ बाजूंचा. संगणकाच्या ३२ बिटांत मावणारी सर्वांत मोठी पूर्ण संख्याही हीच.