पिकअपच्या मागच्या पाट्यांना एअर स्प्रिंगची जोड : सोलापूरच्या वाहनमालकांसाठी परवानगी, पात्रता आणि कागदपत्रे

पिकअपमध्ये पूर्ण माल भरला की मागचे पाटे, म्हणजे भार झेलणाऱ्या वक्र पोलादी पट्ट्या, सरळ होतात, गाडीची पाठ बसते, तोंड वर येते आणि रात्री हेडलाइटचा झोत समोरच्याच्या डोळ्यांवर जातो. यावर उपाय म्हणून मागचा धुरा आणि चेसिस यांच्यामध्ये दोन्ही बाजूंना हवेचे रबरी फुगे, म्हणजेच एअर स्प्रिंग, बसवले जातात. मूळ पाटे जागेवरच राहतात आणि फुगे त्यांना आधार देतात. काम गॅरेजमध्ये एका दिवसात होण्यासारखे आहे, पण गाडी नोंदणीकृत आणि बहुधा व्यावसायिक असल्यामुळे कागदांची बाजू आधी पाहावी लागते. सोलापुरातील वाहनमालकाने हा बदल करण्यापूर्वी कोणाकडे, काय आणि कोणत्या कागदांसह मागायचे, त्याची माहिती येथे दिली आहे.

पहिली गोष्ट वजनाची, कारण सर्वांत मोठा आणि सर्वांत महागात पडणारा गैरसमज तिथेच आहे. फुग्यांमुळे गाडीची उंची सावरते, परंतु गाडीची वजन वाहण्याची मान्य मर्यादा एका किलोनेही वाढत नाही. किटच्या खोक्यावर छापलेला वजनाचा आकडा हा फुग्याच्या क्षमतेचा असतो. धुरा, टायर, ब्रेक, चाकांचे बेअरिंग आणि चेसिस यांची क्षमता पूर्वीइतकीच राहते आणि आर.सी.वर, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रावर, नोंदलेले एकूण भारित वजन, ज्याला सर्वजण जी.व्ही.डब्ल्यू. म्हणतात, तेच कायद्याने अंतिम असते. म्हणून ‘फुगे बसवले आहेत, पासिंगचे वजन वाढवून द्या’ असा अर्ज कोणीही करू नये, कारण अशी वाढ केवळ सस्पेन्शनमधील जोडामुळे मिळत नाही.

मान्य वजनाचा हिशेब अनेकांकडून थोडा चुकतो, तो एकदा नीट मांडून पाहणे उपयोगाचे आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील व्याख्येनुसार रिकाम्या गाडीच्या वजनात चालक आणि मदतनीस धरले जात नाहीत, त्यामुळे त्यांचे वजन मालाच्या बाजूला मोजावे लागते. समजा, आर.सी.वर एकूण वजन २,९९० किलो आणि रिकामे वजन १,७३० किलो आहे, तर उरतात १,२६० किलो. त्यातून दोन माणसांचे १४० किलो वजा केल्यावर मालासाठी १,१२० किलो राहतात, म्हणजे पन्नास किलोच्या बावीस गोण्या आणि वर वीस किलो. आता फुगे, ब्रॅकेट आणि छोटा कॉम्प्रेसर मिळून वीस किलोचे सामान चढवले, तर हे वरचे वीस किलोही गेले. फुगे बसवल्याने नेता येणारा माल कमीच होतो, वाढत नाही, हे त्यावरून स्पष्ट व्हावे. मर्यादेबाहेर माल आढळल्यास अधिनियमाच्या कलम १९४ नुसार २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनामागे २,००० रुपये दंडाची तरतूद आहे, शिवाय जादा माल उतरवण्याचा खर्च मालकाच्या माथी पडतो आणि माल उतरेपर्यंत गाडी हलवता येत नाही. उंच उभी राहिलेली पाठ पाहून रस्त्यावर कदाचित कोणी अडवणार नाही, पण वजनकाट्याला फुगे दिसत नाहीत.

कायद्यातील तरतूद

गाडीतील बदलांविषयीचे कलम ५२ आहे. उत्पादकाने मूळ ठरवून दिलेल्या आणि आर.सी.त नोंदलेल्या तपशिलांशी विसंगत होईल असा बदल मालकाने करू नये, असे ते सांगते. ‘बदल’ म्हणजे गाडीच्या रचनेतील असा फेरफार की ज्यामुळे तिचे मूलभूत वैशिष्ट्य बदलते, असे स्पष्टीकरणही त्याच कलमात दिलेले आहे. जानेवारी २०१९ मध्ये केरळमधून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा कडक अर्थ लावला आणि उत्पादकाच्या मूळ तपशिलांशी जुळत नाही असा बदल मान्य होणार नाही, असे ठरवले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ नव्या रूपात आले. परवानगीत न बसणारा बदल मालकाने केला किंवा बाहेरचे सुटे भाग लावून घेतले, तर सहा महिन्यांपर्यंत कारावास, किंवा अशा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा त्यात आहे.

पूरक एअर स्प्रिंगचे नाव कलम ५२ मध्ये कुठेही नाही. आर.सी.त व्हीलबेस (पुढच्या व मागच्या धुऱ्यांमधील अंतर), रिकामे वजन, एकूण वजन, प्रत्येक धुऱ्यावरील नोंदणीकृत वजन, टायरची संख्या व माप आणि बॉडीचा प्रकार यांची नोंद असते, सस्पेन्शनचा वेगळा रकाना नसतो. यावरून काही दुकानदार ‘आर.सी.त नाही, म्हणजे परवानगी नको’ असे सांगतात. हा निष्कर्ष ग्राहकाने स्वतःच्या जोखमीवर स्वीकारू नये, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण मूलभूत वैशिष्ट्य बदलले की नाही हे ठरवणे दुकानदाराच्या हाती नसून नोंदणी प्राधिकाऱ्याच्या हाती आहे. चेसिसला भोक पाडले, वेल्डिंग केले किंवा मूळ पाटे काढून पूर्णच हवेचे सस्पेन्शन बसवले, तर तो रचनेतील फेरफार ठरण्याची शक्यता बरीच वाढते. म्हणून क्रम असा असावा की आधी लेखी विचारणा, मग लेखी उत्तर आणि त्यानंतर काम.

पात्रता

अर्ज नोंदणीकृत मालकाच्या नावानेच होतो. गाडी विकत घेतली असेल आणि नावावर झाली नसेल, तर हस्तांतरण आधी पूर्ण करावे. भाडेखरेदी करारावरील गाडीत नोंदणीकृत मालकाच्या लेखी संमतीशिवाय बदल करता येत नाही, आणि आर.सी.वर कर्जाचा बोजा असेल तर त्या बँकेचे पत्र जोडणे हाच सुरक्षित मार्ग आहे. गाडीवरील कर, विमा आणि पी.यू.सी. चालू असावेत. मालवाहू गाडीचे योग्यता प्रमाणपत्र, म्हणजे ज्याला आपण पासिंग म्हणतो, तेही मुदतीत असावे. पासिंगची तारीख जवळ आली असेल, तर बदलाची परवानगी आणि पासिंग यांची सांगड घातलेली बरी. आठ वर्षांपर्यंतच्या मालवाहू गाडीचे पासिंग दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी होते. खासगी क्रमांकाच्या मोठ्या पिकअपला हा भाग लागू होत नाही, पण कलम ५२ तिलाही तितकेच लागू आहे. परमिटची प्रत फक्त ३,००० किलोंपेक्षा जास्त एकूण वजनाच्या मालवाहू गाडीला लागते, कारण त्याखालील मालवाहू गाड्यांना कलम ६६ मध्येच परमिटमधून सूट आहे.

कोणत्या कार्यालयात जायचे हे आर.सी.वरून ठरते. एम.एच.१३ ची नोंदणी सोलापूरच्या प्रादेशिक परिवहन कार्यालयात, तर एम.एच.४५ ची नोंदणी अकलूजच्या उपप्रादेशिक कार्यालयात असते. पत्ता बदललेला असल्यास आर.सी.वरील पत्ता आधी दुरुस्त करून घ्यावा.

उत्पादकाचे पत्र आणि ब्रेकचा व्हॉल्व्ह

या सगळ्या कागदांत सर्वांत वजनदार कागद म्हणजे गाडीच्या उत्पादकाचे पत्र. अधिकृत डीलरच्या सर्व्हिस विभागामार्फत, गाडीचे मॉडेल, चेसिस क्रमांक आणि किटचा भाग क्रमांक देऊन, या मॉडेलवर हे किट बसवण्यास उत्पादकाची हरकत आहे काय, असे लेखी विचारावे. उत्पादकाच्या स्वतःच्या ॲक्सेसरी यादीत असे किट असेल, तर मार्ग पुष्कळच सोपा होतो. बाहेरचे किट असेल, तर किटच्या निर्मात्याकडे मान्यताप्राप्त चाचणी संस्थेचा अहवाल आहे का, हे पैसे देण्यापूर्वी विचारावे. अशा संस्था आपल्यापासून फार लांब नाहीत. पुण्यात ए.आर.ए.आय. आणि सी.आय.आर.टी. आहेत, अहिल्यानगरजवळ व्ही.आर.डी.ई. आहे. मात्र चाचणी करून घेणे हे निर्मात्याचे काम आहे, एका गाडीच्या मालकाने त्यात पडण्याचे कारण नाही.

उत्पादकाला विचारण्याचे एक ठोस तांत्रिक कारण आहे आणि त्याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. अनेक पिकअप गाड्यांच्या मागच्या ब्रेकला भार ओळखणारा व्हॉल्व्ह असतो. गाडीखाली वाकून पाहिले, तर चेसिसवर बसवलेल्या त्या व्हॉल्व्हपासून एक बारीक सळई किंवा स्प्रिंग मागच्या धुऱ्याच्या हाउसिंगपर्यंत गेलेली दिसते. माल भरल्यावर पाटे बसतात, चेसिस आणि धुरा यांतील अंतर कमी होते, सळई व्हॉल्व्हचा दांडा ढकलते आणि मागच्या ब्रेकला जास्त दाब मिळू लागतो. गाडी रिकामी असताना अंतर वाढलेले असते, त्यामुळे मागची चाके लॉक होऊ नयेत म्हणून हाच व्हॉल्व्ह दाब कमी ठेवतो. आता माल भरलेला असताना फुग्यांत हवा मारून पाठ उचलली, की अंतर पुन्हा रिकाम्या गाडीइतके होते. व्हॉल्व्ह गाडी रिकामी आहे असे समजतो आणि मागचा ब्रेक कमी करतो. एक टन माल घेऊन तुळजापूरचा घाट उतरणाऱ्या गाडीचा सारा भार पुढच्या ब्रेकवर येतो, ते तापतात आणि गाडी थांबायला जास्त अंतर घेते. त्यामुळे व्हॉल्व्हची सळई नव्याने जुळवण्याची पद्धत उत्पादकाने लेखी दिली असेल, तरच हे काम करावे. गॅरेजमध्ये अंदाजाने ती वाकवू देऊ नये. मोटार वाहन निरीक्षकाने हाच प्रश्न विचारला तर पत्र हेच उत्तर असते.

जोडायची कागदपत्रे

अर्जासोबत आर.सी., विमा पॉलिसी, पी.यू.सी., योग्यता प्रमाणपत्र, कर भरल्याची पावती, मालकाचा ओळखीचा व पत्त्याचा पुरावा आणि लागू असल्यास वित्तसंस्थेचे संमतिपत्र जोडावे. चेसिस क्रमांकाची पेन्सिल प्रिंट काढून ठेवावी, कारण बहुतेक कामांत ती मागितली जातेच. हा झाला नेहमीचा भाग. यापलीकडे किटचे माहितीपत्रक, बसवण्याचे रेखाचित्र, किटचे वजन, दुकानदाराचे जी.एस.टी. कोटेशन, उत्पादकाचे पत्र आणि असल्यास चाचणी अहवाल असा वेगळा संच करावा. रेखाचित्रात ब्रॅकेट चेसिसला कसे धरले जाते हे दिसले पाहिजे. भोक किंवा वेल्डिंग न करता, आहे त्याच भोकांत बोल्टने किंवा यू बोल्टच्या आधाराने बसणारे किट असेल, तर अर्जात तसे स्वतंत्र वाक्यात लिहावे.

वजनकाट्याची पावती कोणी मागत नाही, तरी ती जोडावी असे मी आग्रहाने सांगेन. रिकामी गाडी पूर्ण काट्यावर, मग फक्त पुढची चाके आणि मग फक्त मागची चाके, अशी तीन वजने घ्यावीत. काम झाल्यावर तीच वजने पुन्हा घेतली, की रिकाम्या वजनात किती फरक पडला हे वादाशिवाय सिद्ध होते.

अर्ज आणि तपासणी

अर्ज केंद्र सरकारच्या परिवहन संकेतस्थळावरील वाहन सेवेतून, गाडीतील बदलाच्या पर्यायाखाली करायचा असतो. गाडी क्रमांक आणि चेसिस क्रमांकाचे शेवटचे पाच अंक द्यावे लागतात आणि ओ.टी.पी. नोंदलेल्या मोबाइलवर येतो, त्यामुळे जुना क्रमांक बंद असल्यास तो आधी बदलून घ्यावा. ऑनलाइन अर्जाबरोबर साध्या कागदावर मराठीत एक पत्र द्यावे आणि त्याच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकासह पोच घ्यावी. पत्रात चार वाक्ये पुरतात : मूळ पाटे कायम ठेवून पूरक एअर स्प्रिंग बसवायचे आहेत, एकूण वजनात व धुऱ्यावरील नोंदणीकृत वजनात कोणतीही वाढ मागितलेली नाही, चेसिसवर भोक किंवा वेल्डिंग होणार नाही, आणि या बदलास कलम ५२ अन्वये मान्यता द्यावी अथवा मान्यतेची आवश्यकता नसल्यास तसे लेखी कळवावे. शेवटचा भाग वगळू नये. ‘गरज नाही’ हे उत्तर तोंडी मिळाले, तर पुढच्या पासिंगला दुसरा निरीक्षक असताना त्याचा काहीही उपयोग होत नाही.

मान्यता मिळाल्यावर काम करून घ्यावे. बदल झाल्यापासून चौदा दिवसांच्या आत तो नोंदणी प्राधिकाऱ्याला कळवून, शुल्क भरून, आर.सी.त नोंद करून घेणे हे कलम ५२ नुसार मालकाचे कर्तव्य आहे. तपासणीला गाडी नेताना हौदा रिकामा आणि खालची बाजू धुतलेली असावी. फुगा सायलेन्सरच्या नळीपासून आणि ब्रेकच्या पाइपपासून मोकळा आहे, तसेच चाक पूर्ण खाली-वर झाले तरी तो कशालाही घासत नाही, हे मेकॅनिककडून स्वतः उभे राहून पाहून घ्यावे. दोन्ही फुग्यांना हवेची एकच जोडलेली नळी ठेवली, तर वळणावर दाबलेल्या बाजूची हवा दुसऱ्या बाजूला जाते आणि गाडी अधिक कलते, म्हणून दोन स्वतंत्र नळ्या घ्याव्यात. गाडी रिकामी असली तरी निर्मात्याने सांगितलेला किमान दाब फुग्यात ठेवावाच लागतो, नाहीतर रबर घडीत चिमटून फाटते.

विमा कंपनीलाही बदल लेखी कळवून पॉलिसीवर नोंद करून घ्यावी. अपघातानंतर सर्वेअर गाडीखाली पाहतोच, आणि न कळवलेला बदल हे दावा अडवण्याचे सोपे निमित्त होते. गाडी वॉरंटीत असेल, तर डीलरकडून वॉरंटीवरील परिणामही लिहून घ्यावा.

नोंदणी प्राधिकाऱ्याने मान्यता नाकारल्यास नकार लेखी आणि कारणांसह मागावा. कलम ५२ खालील आदेशाविरुद्ध, आदेशाची सूचना मिळाल्यापासून तीस दिवसांच्या आत कलम ५७ नुसार अपील करता येते. अपिलासोबत मूळ अर्जाची पोच, उत्पादकाचे पत्र, रेखाचित्र आणि वजनकाट्याच्या पावत्या जोडाव्यात आणि अपिलाचा निर्णय होईपर्यंत किट गाडीला लावू नये.