तासभराचं रेकॉर्डिंग टाकलं म्हणजे ऑनलाइन कोर्स होत नाही

वर्गातला तास आहे तसा रेकॉर्ड करायचा, पोर्टलवर टाकायचा आणि कोर्स ऑनलाइन झाला म्हणायचं, हे अजूनही सर्रास चालतं आणि मला ते मनापासून खटकतं, कारण माणूस शिकतो कसा यावर इतकं संशोधन झालंय आणि कोर्स बनवताना ते कुणी उघडूनही बघत नाही.

2014 साली एडएक्स या ऑनलाइन शिकवणाऱ्या वेबसाइटवरच्या कोर्सेसमध्ये व्हिडिओ पाहिल्याच्या सुमारे 69 लाख नोंदी तपासल्या गेल्या, तर व्हिडिओ कितीही लांब असो, निम्म्या वेळा तरी बघणारा सहा मिनिटांच्या आतच थांबलेला. आता यावरून सहा मिनिटं हा नियम करून टाकायची गरज नाही, पण एका व्हिडिओत एकच मुद्दा ठेवावा हे नक्की, कारण आपल्या डोक्यात एका वेळी नवीन गोष्टी साधारण चारच टिकतात आणि शिक्षक पाचवी, सहावी सांगत पुढे गेले की आधीच्या निसटतात.

आणि नुसतं बघून लक्षात राहत नाही हो. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांचा 2006 चा प्रयोग आहे, विद्यार्थ्यांना उतारा वाचायला दिला, मग काहींनी तोच परत वाचला आणि काहींनी न बघता आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी विचारलं तर परत वाचणारे पुढे, 81 टक्के विरुद्ध 75. आठवड्यानं विचारलं तेव्हा त्यांना 42 टक्केच आठवलं आणि लिहून काढणाऱ्यांना 56! म्हणजे व्हिडिओच्या मध्येमध्ये दोन-तीन छोटे प्रश्न, ज्यांना मार्क नाहीत किंवा नावापुरते आहेत, ते टाकलेच पाहिजेत. 2013 मध्ये ऑनलाइन लेक्चरवर हेच करून बघितलं तर लक्ष भरकटणं साधारण निम्म्यावर आलं आणि नोट्सही जास्त काढल्या गेल्या.

अडचण अशी की विद्यार्थ्यांना हे आवडेलच असं नाही. हार्वर्डमध्ये फिजिक्सच्या वर्गांत 2019 साली दिसलं की स्वतः डोकं लावून गणितं सोडवणाऱ्यांना टेस्टमध्ये जास्त मार्क पडले, पण आपण जास्त शिकलो असं वाटत होतं ते मात्र छान लेक्चर ऐकणाऱ्यांना. त्यामुळे फक्त फीडबॅक फॉर्म बघून कोर्स बदलू नका, आणि हे असं का करतोय ते पहिल्याच आठवड्यात पोरांना सांगून टाका.

आता कॅप्शन, म्हणजे बोललेलं व्हिडिओखाली लिहून येतं ते. स्लाइडवर अख्खी वाक्यं लिहायची आणि तीच वाचून दाखवायची, यानं समजायला उलट जड जातं, कारण वाचण्याचा आणि ऐकण्याचा वेग जुळत नाही. मग कॅप्शन पण नकोत का? अजिबात तसं नाही. ज्याला ऐकू येत नाही त्याच्यासाठी कॅप्शन म्हणजेच लेक्चर, आणि ज्याची ती भाषा दुसरी-तिसरी आहे किंवा जो गोंगाटात बसून बघतोय त्यालाही त्यांचाच आधार. म्हणून कॅप्शन हव्यातच, फक्त चालू-बंद करता येतील अशा, आणि आपोआप तयार झालेल्या असतील तर एकदा माणसानं वाचून घ्यावं, कारण नेमके विषयातले शब्दच त्यात चुकतात.

बाकीचं तसं सोपं आहे. स्कॅन केलेली पीडीएफ ही स्क्रीन रीडरसाठी, म्हणजे ज्यांना दिसत नाही त्यांना स्क्रीनवरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी, नुसता फोटो असते, त्याला त्यात वाचायला काहीच मिळत नाही, तर मजकूर निवडता येईल अशी फाइल द्या. नेहमीच्या आकाराची अक्षरं आणि पार्श्वभूमी यांच्यात किमान 4.5 ला 1 इतका कॉन्ट्रास्ट, म्हणजे उजळ-गडदपणातला फरक, हवा असं वेबचे सुगम्यतेचे नियम सांगतात. आणि आलेखात लाल रेघ, हिरवी रेघ एवढाच फरक ठेवू नका, उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत साधारण बारामागे एकाला लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही.

हायब्रिडमध्ये, म्हणजे काही जण वर्गात आणि काही घरून, सगळ्यात आधी बिघडतो तो आवाज. मागच्या बाकावरून प्रश्न येतो, सर उत्तर देतात आणि घरी बसलेल्याला फक्त उत्तरच ऐकू येतं. खोलीत चांगला माइक हवा, तो नसेल तर प्रश्न मोठ्यानं परत म्हणून मगच उत्तर द्यायचं, आणि ऑनलाइनवाल्यांची चॅट बघायला दर तासाला वर्गातलाच एक विद्यार्थी नेमायचा, कारण शिकवता शिकवता चॅटवर लक्ष ठेवणं एकट्या शिक्षकाला जमत नाही.