कट्टा कुलपात आहे, पण पुरावा?

"जप्त केलेलं हत्यार फॉरेन्सिक प्रयोगशाळेत सुरक्षित आहे," असं म्हणताना आपण दोन वेगळ्या गोष्टी एकत्र करतो. हत्यार चोरीला जाणार नाही, ही एक. जे जप्त झालं तेच कोर्टासमोर येईल, ही दुसरी. पहिलीसाठी कुलूप, पहारा आणि कॅमेरे लागतात; दुसरीसाठी लाखेचं सील, लेबलावर पंचांच्या सह्या आणि नीट भरलेलं रजिस्टर.

गावठी कट्टाच घ्या. कारखान्यात बनलेल्या पिस्तुलावर नंबर कोरलेला असतो, कट्ट्यावर सहसा नसतो. समजा, पुण्यातल्या दोन ठाण्यांचे सारखे दिसणारे कट्टे एकाच टेबलावर उघडले आणि परत बांधताना लेबलं बदलली. संध्याकाळी मोजले तर दोन्ही हजर, चोरी काहीच नाही. तरी शिवाजीनगर कोर्टात दोन्ही खटले लटकणार. म्हणून अगदी कळकळीनं सांगतो, पंचनाम्यात "एक गावठी कट्टा" लिहून थांबू नका. नळीची लांबी, मुठीवरची पट्टी, स्क्रू, गंज, ओरखडे, सगळं उतरवा आणि फोटो काढा.

उलटंही घडू शकतं. तपासणी झाल्यावर कट्टा चोरीला गेला, तर चाचणीत झाडलेल्या गोळ्या, पुंगळ्या (काडतुसांची रिकामी कवचं), फोटो आणि तज्ज्ञाच्या नोंदी मागे उरतात. खटल्याला त्यांचा आधार मिळू शकतो. पण चालू हत्यार रस्त्यावर आलं, त्याचं काय? रक्ताचा नमुना कोणी विकत घेत नाही, कट्ट्याला गिऱ्हाईक असतं. हत्यार आणि जिवंत काडतुसं वेगवेगळ्या जागी, दोघांकडच्या दोन किल्ल्यांखाली ठेवावीत, असं मला ठामपणे वाटतं.

सीलवर मात्र लोक फार विसंबतात. ठाण्यातून सीलचा नमुना सोबत जातो, प्रयोगशाळेत तो पडताळतात आणि मग सील फोडतात. फोडल्याशिवाय तपासणार कसं? तिथून नवं सील लागेपर्यंत हत्यार कोणाकोणाच्या हातात होतं, हे फक्त नोंदी सांगतात. पाच जिवंत काडतुसं पाठवली आणि दोन चाचणीत झाडली, तर परत तीन जिवंत आणि दोन पुंगळ्या यायला हव्यात. हा हिशेब अहवालात आणि रजिस्टरात सारखाच दिसला पाहिजे.

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३२९ नुसार, त्यात नमूद केलेल्या सरकारी तज्ज्ञांचा अहवाल त्यांना साक्षीला न बोलावताही पुराव्यात वाचता येतो. अशा वेळी उलटतपासणीचा रोख मुद्देमाल कारकून (ठाण्यात जप्त वस्तू सांभाळणारा) आणि मुद्देमाल घेऊन गेलेल्या अंमलदाराकडे वळतो. ठाण्यातून किती वाजता निघालात? गणेशखिंडच्या प्रयोगशाळेत किती वाजता पोचलात? मधे पेटी कुठं होती? पोचपावतीवर तारीख असते, पण वेळ लिहिलेली नसेल तर अंमलदार तिथंच अडखळतो.